पांढऱ्या हातमोज्यांची फेरी

डार्विनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. सिडनीतून पहाटे निघताना घातलेलं जॅकेट काढून काखेत धरलं. दुसऱ्या हातातल्या पिशवीत चकल्यांचा डबा होता आणि प्लास्टिकच्या पाकिटात आजोबांचा नौदलातला दाखला.

दाखला म्हणजे अर्धाच. उरलेला वाळवीने खाल्ला. ‘सोनू’ हे आजोबांचं नाव, जहाजाचं नाव आणि खाली कॅप्टन हॅलम यांची सही एवढं शिल्लक आहे. हुद्द्याची ओळ गेली. त्या ओळीसाठीच मी सिडनीतल्या पॅरामॅटाहून इतक्या लांब आले होते.

खेडजवळच्या आमच्या गावी नवं बुद्धविहार झालं आहे. वस्तीतल्या पोरांना शाळेत घालायला आजोबा घरोघर फिरले होते, म्हणून तिथे त्यांचा फोटो लागणार आहे. फोटोखाली ‘नौदल अधिकारी’ असं कोरायचं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनात होतं. पण गावात एकाने टोमणा मारलाच : “अधिकारी होता, तर पिस्तूल कुठाय त्याचं?” अण्णा फोनवर म्हणाले, “बाय, त्या सहीवाल्या साहेबाच्या घरी काय कागद असला तर बघ. पाटी कोरणारा थांबलाय.”

आमच्याकडे पुरावा एकच होता, आजोबांची रविवारची फेरी. दर रविवारी सकाळी ते बोटाला पांढरा रुमाल गुंडाळत आणि दाराच्या चौकटीवरून, डब्यांच्या मागून, पाण्याच्या मडक्याखालून फिरवत. रुमाल मळला की सगळं घर पुन्हा पुसायचं. “जहाजावर साहेब असंच करतो,” एवढंच ते म्हणत. साहेब म्हणजे आजोबाच, असं आम्ही ठरवून टाकलं. पाचवीत मी ‘माझे आजोबा, नौदल अधिकारी’ असा निबंध लिहिला आणि त्याला बक्षीसही मिळालं.

कॅप्टनच्या नातीचा, हेलनचा, पत्ता मला दाखल्यावरच्या सहीवरून शोधता शोधता मिळाला होता. ती सत्तरीची निवृत्त नर्स. हाफपँट घालून, आपली मागे उघडी असलेली गाडी घेऊन ती मला न्यायला आली.

“जॅकेट? इथे?” ती हसली. “नो वरीज, मेट. सीट तापलीय, तेच खाली अंथर.”

अंथरलं, तरी बसताच चटका लागून उठलेच. रस्त्याकडेला आंब्याची झाडं लगडलेली होती. समुद्र आमच्या कोकणासारखा शांत आणि ओळखीचा दिसत होता, म्हणून मी पाय बुडवायचं म्हटलं. हेलनने किनाऱ्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर जबडा उघडलेली मगर होती.

“माझे आजोबा इथे पंचवीस वर्षं राहिले,” ती म्हणाली, “आणि एकदाही पोहले नाहीत. दोन युद्धांतून वाचलो ते काय मगरीसाठी, म्हणायचे.”

तिचं घर उंच खांबांवर आहे. वर पंखे गरगरत होते. तिने बारामंडी (इथला खाडीतला मासा) तळून ठेवला होता. मी चकली पुढे केली. तिने ती आधी नीट निरखली, मग एकामागून एक चार खाल्ल्या. जेवण झाल्यावर टेबलावर साहेबांच्या वह्या आल्या.

तेरा वर्षांचा असताना हॅलम नौदलाच्या शाळेत गेला. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रात एका मोठ्या युद्धनौकेवर होता. त्या वहीत थंडी, आईची आठवण आणि पाण्यात गेलेला एक मित्र आहे. युद्ध संपलं तशी नौदलाने माणसं कमी केली, आणि हा अधिकारी इंग्लंडच्या एका खेड्यात कोंबड्या पाळत बसला. दुसरं युद्ध आलं तेव्हा पुन्हा बोलावणं आलं. वय झालेलं, म्हणून हाती दिलं ते समुद्रातले सुरुंग काढणारं एक जुनं, छोटं जहाज. ठाणं मुंबई, खलाशी सगळे हिंदुस्थानी. युद्धानंतर तो डार्विनला आला आणि बंदरात जहाजं आत आणायचं काम करू लागला.

“तुझे आजोबा या वहीत आहेत,” हेलन म्हणाली. वही मात्र तिने लगेच दिली नाही. “टोपास हा शब्द तुला माहीत आहे?”

मला माहीत नव्हता. तिने सांगितला. टोपास (जहाजावरचे संडास आणि बोळ धुणारा कामगार). सोनूच्या नावापुढे तोच शब्द होता.

निबंधाचं बक्षीस आठवलं. गावातला तो टोमणा मारणारा आठवला. जहाजावर चढतानासुद्धा आमच्या माणसाच्या हाती झाडूच दिला होता! हॅलमसाहेबांनी ती वाटणी बदलली नाही, हेही वहीत स्पष्ट दिसत होतं. अण्णांना फोनवर ‘काही सापडलं नाही’ म्हणावं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

“थांब, पुढे वाच,” हेलन म्हणाली आणि चहा करायला उठली.

पुढे रविवारच्या नोंदी होत्या. दर रविवारी कॅप्टन पांढरे हातमोजे घालून जहाजभर बोट फिरवत फिरायचा. इंजिनखोलीत तेल सापडलं. स्वयंपाकघरात राख सापडली. सोनूचा विभाग : हातमोजा स्वच्छ. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सुरुंग फुटून जहाज हादरलं, दोन माणसं जखमी झाली, त्या आठवड्यातही सोनूचा विभाग : हातमोजा स्वच्छ. पानामागून पान मी तेवढी एकच ओळ शोधत गेले.

मग साहेबांचा जहाजावरचा शेवटचा रविवार. त्यांनी लिहिलं होतं की आज फेरी संपल्यावर त्यांनी हातमोजे काढून सोनूला दिले आणि म्हणाले, आता माझी खोली तू तपास. सगळे अधिकारी दाराशी उभे होते. सोनूने घाई केली नाही. टेबल पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. शेवटी दिव्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते साहेबांसमोर धरलं. बोट काळं होतं. “त्याचं बरोबर होतं,” साहेबांनी लिहिलं होतं. “त्याच्या विभागात मला जे कधी सापडलं नाही, ते त्याला माझ्या खोलीत सापडलं.”

हेलन चहा घेऊन आली तेव्हा मी रडत होते आणि हसतही होते. “मला वाटलं, तुला वाईट वाटेल,” ती म्हणाली.

“वाटलं ना,” मी म्हटलं. “पण आता या पानाचा मला फोटो काढून दे.”

निघताना तिने डबा आंब्यांनी भरायला घेतला. विमानातून फळं नेता येतील का, यावर आमचा वाद झाला. शेवटी ते आंबे आम्ही विमानतळावर गाडीतच, कोपरापर्यंत रस गाळत खाल्ले.

पॅरामॅटाला घरी पोचल्यावर अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, तो शब्दही सांगितला.

“दिव्यावर धूळ सापडली?” अण्णांनी विचारलं.

“सापडली.”

“साहेबाच्या खोलीत?”

“त्याच्याच.”

अण्णा मोठ्याने हसले, मग खोकले. “मग अधिकारी नको. सफाई कामगार लिही. आणि त्याच्याखाली लिही, सायबाच्या खोलीत धूळ काढली.”

“अण्णा, गावात लोक काय म्हणतील?”

“वाचतील तर खरे! वाचायला त्यांना शाळेत कोणी घातलं?”

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. आजोबांच्या हुद्द्याने ती पदवी शोभून दिसेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्यांनी कुणाच्या हुद्द्याला भिऊन बोट मागे घेतलं नाही, हे मला डार्विनला जाऊन कळलं.

त्या रविवारी सकाळी मी बोटाला पांढरा रुमाल गुंडाळला आणि दाराच्या चौकटीवरून फिरवला.

“मम, व्हॉट आर यू डूइंग?” नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं.

“तपासणी.” मी रुमाल तिच्यासमोर धरला. काळाकुट्ट झाला होता.

“यक!” ती म्हणाली, आणि स्वतःहून बादली आणायला गेली.