चॅपल स्ट्रीटवरची एडना

काउंटीच्या कचेरीतून आलेला माणूस चॅपलमध्ये बोलायला उभा राहिला, तेव्हा एडना स्टॉबार्ट मागच्या टेबलाशी कपांत चहा ओतत होती. माणूस तरुण होता. ओला रेनकोट त्याने अंगातून काढलाच नव्हता. भिंतीवर डरहॅम परगण्याचा नकाशा टांगून तो सांगू लागला, की थॉर्नलॉ गावची कोळशाची खाण आता फार वर्षं चालायची नाही. तेव्हा इथे नवी घरं बांधली जाणार नाहीत, नवी गटारं पडणार नाहीत. लोक जसजसे जातील तसतशी जुनी घरं पाडली जातील. थोडक्यात, या गावाला भविष्य नाही.

"भविष्य नाही म्हणजे?" एडनाने मागूनच विचारलं. हातात किटली, पोट पुढे आलेलं. "मला मार्चमध्ये बाळ होणार आहे. त्याला काय सांगू, आला तसा परत जा म्हणून?"

सगळं चॅपल हसलं. एडनाची शेजारीण नोरा हेसलॉप तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रेनकोटवाल्याने नकाशा गुंडाळला आणि चहा न घेताच तो निघून गेला. घरी जाताना एडनाचा नवरा विल्फ तिला म्हणाला, "चांगली जिरवलीस त्याची." पण जिरली ती एका माणसाची. कचेरीने ठरवलं ते ठरवलंच.

एडना त्याच चॅपल स्ट्रीटवर, टोकाच्या घरात जन्मली होती. बाप खाणीत, आजा खाणीत, आणि लग्न केलं तेही खाणीतल्याशीच. बाप गेल्यावर घर विल्फच्या नावावर भाड्याने मिळालं, त्यामुळे सासरी जाणं म्हणजे काय ते तिला कधी कळलंच नाही. आईची गोधडी ताणून शिवायची लाकडी चौकट त्या घराच्या पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरायची. गल्लीतल्या बायका दोन्ही बाजूंनी बसून टाके घालायच्या, आणि जेवायच्या वेळी पुरुषांना चौकटीखालून वाकून चुलीपर्यंत जावं लागायचं. विल्फ एकदा वाकताना टाचणी टोचून घेऊन ओरडला, "या घरात खाणीपेक्षा छत खाली आहे!"

मार्चमध्ये ॲलन झाला. तो शाळेत जायला लागला तोवर खाण बंद पडली होती. विल्फ बसने समुद्रकाठच्या खाणीत जाऊ लागला. अंधारात निघायचा, अंधारात परतायचा. त्याच्याबरोबरच्या कितीतरी लोकांनी मात्र रोजची ही यातायात टाळून तिकडेच बिऱ्हाड हलवलं. एक घर रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी काउंटीची माणसं शिडी लावून त्याच्या छपराच्या दगडी पाट्या फोडायची, म्हणजे तिथे दुसरं कुणी राहायला यायला नको. मग पाऊस आत. शेजारच्या घरातली ओल एडनाच्या भिंतीतून झिरपायची आणि वॉलपेपर सोलल्यासारखा खाली लोंबायचा. ती कणकेची खळ लावून तो परत चिकटवायची.

"कशाला चिकटवतेस?" नोराने एकदा विचारलं.

"मग काय, उघडी भिंत बघत बसू?"

ॲलनने शाळा सोडली आणि तो दक्षिणेला पोलादाच्या कारखान्यात गेला. जाताना म्हणाला, "आई, इथे मी करू तरी काय?" तिने पावात मटारचं पुडिंग आणि हॅम भरून पुडकं हातात दिलं.

मग नोराही निघाली. सरकारने वसवलेल्या नव्या शहरात तिला फ्लॅट मिळाला होता. आत न्हाणीघर, नळाला गरम पाणी.

"चल ना गं तूही," ती म्हणाली. "इथे राहिलंय कोण? मांजरंसुद्धा गेली."

"विल्फला जिने चढवत नाहीत."

"तिथे लिफ्ट आहे."

"नोरा, तुला जायचंय ना? मग जा. मला लाजवू नकोस."

दोघी त्या दिवशी नीट बोलल्या नाहीत. लॉरी निघाली तेव्हा नोराने हात हलवला. एडना दार धुवत होती, ती धुतच राहिली. नंतर त्या गोष्टीचं तिला फार वाईट वाटलं.

विल्फच्या छातीत आयुष्यभराची कोळशाची धूळ साठली होती. शेवटच्या हिवाळ्यात त्याला माडीवरून खाली उतरणंही जमेना. एडना चुलीतला विस्तव फावड्यावर घेऊन जपून जिना चढायची आणि वरच्या छोट्या शेगडीत घालायची. विल्फ खिडकीतून फुटक्या छपरांकडे बघत म्हणायचा, "मला इथून हलवू नको हां." तिने हलवलं नाही. त्याच खोलीत तो गेला.

यानंतर एडना भांडली. उरलेल्या चार घरच्या लोकांना घेऊन ती डरहॅमच्या कचेरीत जाऊन बसायची, प्रत्येक सभेत उभी राहायची, वर्तमानपत्रवाल्यांना गावात बोलवायची. सरकारं बदलली, साहेब बदलले, आणि एके दिवशी काउंटीने खरंच जाहीर केलं, की थॉर्नलॉ पाडायचं नाही. खाणकामगारांच्या क्लबात लोकांनी एडनाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तिनेही त्या संध्याकाळी शेरीचे दोन पेले घेतले.

पुढच्याच महिन्यात एक अधिकारी चॅपल स्ट्रीटवर आला. भिंतीवर हात फिरवून तो म्हणाला, "मिसेस स्टॉबार्ट, गाव राहील. पण तुमची ही घरांची ओळ ठेवता येणार नाही. बाजूची घरं पाडल्यामुळे तुमच्या भिंतीला आधार उरलेला नाही. धोका आहे."

"पाडली कुणी?"

त्याने टोपी काढून हातात धरली. वाईट माणूस नव्हता तो.

घर रिकामं करायच्या सुमाराला पेलहॅम नावाचे एक गृहस्थ आले. परगण्यातल्या जुन्या वस्तीचं एक मोठं संग्रहालय उघड्या माळावर उभं राहत होतं. त्यांना खाणकामगाराचं एक घर हवं होतं. दगड न् दगड सोडवून तिकडे पुन्हा रचणार, म्हणाले. एडना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोपली. तिने त्यांना लोखंडी चूल दिली, टेबल दिलं, चिंध्यांचं जाजम दिलं, आईची गोधडी दिली. गोधडीची चौकटही दिली, कारण नोराच्याच शहरात तिला मिळालेल्या फ्लॅटमधल्या कुठल्याच खोलीत ती मावत नव्हती.

संग्रहालय उघडल्यावर नोरा तिला बसने घेऊन गेली. दोघींचं आता पुन्हा गूळपीठ जमलं होतं. घर ओळखू येत होतं. दगड तेच, दाराचा उंबरठा मधोमध झिजलेला, तोही तोच. आत चुलीत कोळसा पेटलेला, आणि एप्रन घातलेली एक मुलगी पाव भाजत होती. विजेचा दिवा काढून टाकला होता. एडनाने चिकटवलेला वॉलपेपर नव्हता. घर तिच्या जन्माआधीच्या सालातलं केलं होतं. तिच्या आईच्याही लग्नाआधीचं.

"किती छान ठेवलंय ना," नोरा हळूच म्हणाली.

"छान आहे," एडना म्हणाली. मग ती कोपऱ्यातल्या जिन्याच्या दाराशी गेली. दार उघडेना. "पोरी, जरा वर जाऊन येऊ का?"

मुलीने पिठाचे हात पुसले. "वर काही नाहीये, आजी. जिना चार पायऱ्यांवर संपतो. लोक खालचंच बघतात, म्हणून माडी रचलीच नाही."

एडना दाराची कडी धरून उभी राहिली. तेवढ्यात मागून पर्यटकांचा घोळका आत आला. कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय." ती बाजूला झाली.

बसमध्ये नोरा बोलत राहिली. एडना फक्त म्हणाली, "मी उगाच दिलं गं." पुन्हा ती तिकडे गेली नाही.

नोरा तिच्याआधी गेली. ॲलन ख्रिसमसला फोन करायचा. चॅपलचं कुणीतरी गोदाम केलं, आणि थॉर्नलॉमध्ये उरलेली घरं शहरात नोकरी करणाऱ्यांनी घेतली. ती माणसं चांगली होती, पण एडनाला कोणी ओळखत नव्हतं. फ्लॅटची लिफ्ट वरचेवर बंद पडायची, तेव्हा ती खाली उतरतच नसे. शेवटी शेवटी दुखऱ्या पायांना पट्ट्या बांधायला एक नवी नर्स येऊ लागली. बोलकी होती.

"तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" पट्टी गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं.

एडना खिडकीकडे बघत होती. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. चॅपल स्ट्रीट म्हणून सांगावं, तर ती आता कुठेच नव्हती.

"इथलीच," ती म्हणाली.