आबांनी न पाहिलेली शर्यत

कोल्हापूरच्या स्टँडवर निरोप द्यायला तुम्ही सगळे आला होतात. माझ्या फुटबॉल टीमच्या पोरांनी हार घातला आणि तालमीतलं कुणीतरी म्हणालंच, "बायकोच्या नोकरीमागं निघालेला पहिला कोच!" हसू मलाही आलं. वैदेहीला जर्मनीत डार्मश्टाटला नोकरी लागली होती आणि मला तिथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. माझे वडील आणि मला घडवणारे कोच, आबा, बस सुटेपर्यंत खिडकीपाशी उभे होते.

इथे आधी लहान मुलांना फुटबॉल शिकवला. त्यातल्या एका मुलीची आजी, फ्राऊ वेबर, म्हणजे वेबरबाई, रेसच्या घोड्यांच्या तबेल्याची मालकीण. मदतीला म्हणून गेलो आणि तिथलाच झालो. लीद काढली, घोडे फिरवले, चाळिशी उलटल्यावर जर्मनमधून परीक्षा दिली आणि ट्रेनर झालो. सांगताना छाती फुगते, फुगू दे. सवय मात्र आपल्या मैदानावरचीच: सरावाआधी प्रत्येकाचे पाय हातांनी चाचपायचे. दुखणं लपवण्यात पोरं बेरकी, घोडेही काही कमी नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली तयार झालेली पहिली घोडी शर्यतीत उतरणार होती. ते बघायला आबा व्हिसा काढून आले, कोटसुद्धा शिवून आणला. शर्यतीच्या सकाळी घोडीचा पुढचा पाय चाचपला, तर त्याच पायाची मागची शीर गरम लागली, म्हणजे आत दुखापत सुरू झालेली. ती लंगडत नव्हती. धावली असती, कदाचित जिंकलीही असती.

मला माझा गुडघा आठवला. फायनलच्या दिवशी तो सुजलेला असताना आबाच म्हणाले होते, "पेठंच्या अब्रूचा प्रश्न हाय, खेळ." खेळलो, जिंकलो, आणि पुन्हा कधी खेळलो नाही.

फ्राऊ वेबरना सांगितलं, आज नाही. त्यांनीही पाय चाचपला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाल्या आणि नाव मागे घ्यायला फोन लावला. आबांना सांगणं जास्त अवघड होतं. दोन दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं.

ते कोट घालूनच तबेल्यात आले. मी सांगितलं. त्यांनी वाकून तिचा पाय चाचपला. मग कोट काढून दारावर टाकला, माझ्या हातातली पाण्याची नळी घेतली आणि तिच्या पायावर गार पाणी सोडत म्हणाले, "तवा तुला तुझ्यासारखा कोच पायजे हुता."

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं तर पूर्वीही मी कोल्हापूरच म्हणायचो, पण त्या फायनलचा सल मनात ठेवून. आता मान वर करून म्हणतो.