सोनीबाईची हाक

तुमच्या मोबाइलात कोणी चिखलात आपटला की मागून एक बाई "ओऽऽय हुर्रूऽऽ" ओरडते ना? ती आमची सोनीबाई. सिंदेवाहीच्या पलीकडं, जंगलाला लागून आमचं गाव. मी सत्यशीला, तिची शेजारीण. हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या.

चैतात आम्ही पहाटे मोहफुलं वेचायला जातो. अस्वलालाही मोह आवडतो, मेल्याला. म्हणून जिनं तिनं आपापल्या झाडाखालून मधून मधून हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. ओ आली नाही, म्हणजे तिकडं घात झाला. हातातलं टाकून धावायचं. सोनीबाईची हाक तिच्या मायकडून आलेली, नाल्यापार जाणारी.

गेल्या साली तिच्या भाच्यानं, प्रफुलनं, ती मोबाइलात भरली अन् एका व्हिडिओला जोडली. नवरदेव घोडीवरून पडतो, हाक वाजते. झालं! पार पुण्यापर्यंत जो पडेल त्याच्यामागं सोनीबाई. बाजारात पोरं तिला पाहून तसंच ओरडायची. ती मान वर करून चालायची.

यंदा आमच्यासंगं वेचायला आलेल्या तरण्या रंजीतानं मोहाखाली बसून तेच व्हिडिओ लावले. आम्ही चौघी टोपल्या सोडून खिदळत होतो. नाल्यापलीकडून हाक आली. मला वाटलं, मोबाइलच. पुन्हा आली. "बंद कर वं आता," म्हणाले मी, अन् परत हसले. आग लागो माझ्या हसण्याला!

थोड्या वेळानं झुडपं मोडत सोनीबाई आली. हातात कुऱ्हाड, गुडघा फुटलेला, लुगडं फाटलेलं. आम्ही ओ दिली नाही म्हणून अस्वलाशी भिडायला धावत आली होती. एकटी. अन् रंजीताच्या मोबाइलात तिचीच हाक वाजत होती.

लाजेनं मी तो हिसकून बंद केला. रंजीता रडकुंडीला आली. "मावशी, हाक बदलून टाक ना. समदे हासून राह्यले."

"काऊन बदलू?" सोनीबाई कडाडली. "पडते कोणी, हासता तुमी, अन् हाक मी बदलू? माह्या मायनं देल्ली हाय. दुनियाले हासू दे. तुमाले ओ द्या लागते!"

लंगडत ती परत नाल्यापार गेली. तिथून हाक आली, तीच, पहिल्याहून मोठी. आम्ही जीव तोडून ओ दिली.

तिनं पुन्हा हाक दिली. रडण्याच्या भरात रंजीताची ओ राहून गेली होती.