ताई आधी स्वतः झोपून बघायची

ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तुमच्या ताईबद्दल चार शब्द लिहून पाठवा, आपल्या गाडीवर जाणाऱ्या सगळ्या माणसांना वाचायला देऊ. इतके दिवस नुसती रडत होते आणि आता लिहायला बसले तर हसूच येतंय, काय करू. ताई वारली दवाखान्यात, छातीत दुखून. शेवटच्या दिवशी नर्सबाईला विचारत होती, ड्यूटी संपल्यावर गाडी चालवत घरी जाता का, मग जरा डुलकी काढा आणि मग निघा. नर्सबाई माझ्याकडं बघायला लागली. म्हटलं ऐका तिचं, नाहीतर सोडणार नाही.

तिचं कामच ते. आपली कंपनी मोठमोठे वजनकाटे दुरुस्त करते. कुठल्या कारखान्यात काटा बिघडला की आपला माणूस स्वतः गाडी चालवत जातो, काम करतो, परत येतो. कोणी कुठल्या रस्त्यानं जायचं, कधी निघायचं, कुठं खायचं, हे ताई ठरवायची. आणि लांबचा रस्ता असला की मध्ये झोपेची एक जागा हवीच. ती जागा ताई नकाशात बघून नाही द्यायची. स्वतः तिथं जायची, भर दुपारी गाडीची सीट मागं पाडायची आणि झोपून बघायची. झोप लागली तर जागा पास, नाही लागली तर नापास. ऑफिसला वाटायचं बाईला पगारी झोपायची चटक लागलीय.

सोबतीला मला न्यायची. एकटी बाई गाडीत डोळे मिटून पडलेली दिसली की लोक जमतात ना. एकदा मी जरा बाजूला गेले तेवढ्यात ही गर्दी. एकजण म्हणतोय गेली, दुसरा म्हणतोय नाही, पोट हलतंय, आणि तिसऱ्यानं खिडकीतून बाटलीभर पाणी तिच्या तोंडावर ओतलं. ताई उठली, तोंड पुसलं, सगळ्यांचे आभार मानले आणि गाडी निघाल्यावर मला म्हणाली, "नापास. इथली माणसं फार मायाळू आहेत." मी हसून हसून सीटखाली गेले.

पण आमच्या यांच्या वेळी मात्र हसू पळालं होतं. आमचे हे पण आपल्याच कंपनीत कामाला. सगळ्यात लांबचा रस्ता आपल्याला मिळावा म्हणून कधीपासून ताईच्या मागं लागले होते. आणि बढाया काय, मला गाडीत झोप येतच नाही, थांबतात ते कच्चे गडी. ते ऐकलं की ताईला धडकी भरायची. तिचा नवरा, आमचे भाऊजी, दुसऱ्या कंपनीत गाडीवरच होते. सरळ रस्त्यावर डुलकी लागली आणि गेले. तिथं कोणी थांबायची जागा ठरवून देत नव्हतं.

शेवटी ताई म्हणाली, एकदा तिघं जाऊन येऊ, मग ठरवते यांना एकट्याला सोडायचं का. गाडी हे चालवणार, मी पुढं, ताई मागं.

निघालो तर यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात थांबलो, ताई आडवी झाली, हॉर्नच हॉर्न, नापास. शाळेच्या भिंतीला लागून थांबलो, सावली छान, ताईचा डोळा लागतोय तोच मधली सुट्टी झाली. नापास. लाकडाच्या वखारीपाशी तर करवत सुरू झाली आणि ताई सीटवरून उडालीच. आणि प्रत्येक ठिकाणी हे विचारणार, "काय ताई, लागली का झोप?" असं विचारल्यावर कुणाला लागेल हो?

मग एका गोदामाच्या मागं मोकळं अंगण दिसलं. आत कुठलंतरी मशीन एका सुरात घुमत होतं. वॉचमनला विचारून गाडी लावली. ताई पडली, डोळे मिटले, आणि आमचे हे मला सांगायला लागले की एकदा रात्रभर गाडी हाणली होती तरी मला कशी झोप आली नव्ह

इथंच थांबले. मान खाली, तोंड उघडं, आणि घोरणं असं की वॉचमन स्टूल सोडून बघायला आला.

ताईनं एक डोळा उघडला. आम्ही दोघी हळूच दार उघडून बाहेर आलो आणि तोंडात रुमाल कोंबून हसत बसलो. वॉचमनपण हसायला लागला, त्याला तर काही माहीतपण नव्हतं.

उठल्यावर हे म्हणतात, मी झोपलो नव्हतो, काट्याचा विचार करत होतो. म्हटलं अहो, गालावर सीटच्या पट्ट्याचा वळ उठलाय. मग चिडले. म्हणाले दोघी बहिणी मिळून चेष्टा करता, मी काय लहान आहे का, माझं मला कळतं.

ताईचं हसू थांबलं. ती आवाज न चढवता म्हणाली, "जावईबापू, आमचे हेपण कधी झोपायचे नाहीत. एकदाच झोपले."

पुढं कारखाना आला. यांनी काटा दुरुस्त केला, हात धुतले. परत निघायला गाडीत बसताना ताईनं मला कानात सांगितलं, आता यांना थांबा म्हणून सांगायचं नाही, खुणावायचंपण नाही. आपण सांगून थांबले तर एकटे असताना कोण सांगणार? न थांबता गेले तर मी रस्ता देत नाही.

माझी काय दशा झाली असेल बघा. मला गप्प बसता येत नाही हे अख्ख्या खानदानाला माहीत. ओठ दातात धरून बसले. ते गोदाम लांबून दिसायला लागलं. गाडीचा वेग काही कमी होईना. ताईनं मागून माझा खांदा असा धरला होता की बोटं रुतली.

गोदामाची भिंत आली. अर्धी मागं गेली. आणि यांनी गाडी वळवली. अंगणात लावली, इंजिन बंद केलं, सीट मागं पाडली, ती ताईच्या गुडघ्यावर आपटली तरी ती हूं की चूं करेना.

डोळे मिटून हे म्हणाले, "आता दोघींनी जरा गप्प बसा."