मामांचा आटोबाण

माझे मामा जर्मनीला गेले ते लाकूड कापायचं यंत्र शिकायला, आणि शिकून आले एक शब्द: ऑटोबान. चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराने त्यांना काही महिने तिकडे पाठवलं होतं. यंत्राबद्दल मामांनी पुढे चकार शब्द काढला नाही. बोलले ते फक्त त्या रस्त्याबद्दल. नुसता मोटारींचा रस्ता. म्हैस नाही, बैलगाडी नाही, नाका नाही, आणि किती जोरात जायचं याला काही धरबंधच नाही. "म्या सोता चालवली," मामा सांगत. "झाडं दिसेच नाई. नुसता हिरवा पट्टा." बाण आम्हाला माहीत होता, बान नव्हता, म्हणून गावाने त्याचा आटोबाण केला. आपल्या भावाला तो बाण वर्मी लागला आहे, असं माझी आई म्हणायची.

त्या साली मी मॅट्रिकला होते. वडिलांनी साफ सांगून टाकलं होतं: पास झाली तर मास्तरीण, नापास झाली तर लग्न. नवराही बघून ठेवला होता. धानाची भरपूर शेती होती त्याच्याकडे, पण बघायला आला तेव्हा सगळा वेळ काडीने कान कोरत बसला होता. मला बीजगणितापेक्षा त्या कानाची जास्त भीती वाटत होती.

परीक्षा चांद्याला. पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळची बस आलीच नाही. मी फाट्यावर रडकुंडीला आलेली, तोच मामा ठेकेदाराचा ट्रक घेऊन हजर. "बस पोरी. आज आटोबाण दाखवतो तुले."

आमच्याकडे शहराकडे जाणारी गाडी रिकामी जाऊ देत नाहीत. मागे गावातले पाच-सहा बाप्ये चढले. पुढे माझ्या शेजारी मोहफुलांची टोपली मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली, आणि बसल्या बसल्या तिने मामांना दार नीट लावायला सांगितलं.

जंगलात चढ संपतो तिथे रस्त्याच्या कडेला डहाळ्यांचा मोठा ढीग होता. तो वाटेचा देव. येणारा-जाणारा थांबतो, हाताला येईल ती डहाळी तोडून ढिगावर टाकतो आणि मग पुढे जातो. बैलगाडीवाला थांबतो, बस थांबते, ठाणेदारसुद्धा जीपमधून उतरतो. मामा थांबले नाहीत. मागचे लोक टपावर धडाधड हात मारू लागले.

"भाऊ, पाला नाई टाकला तुमी," म्हातारी म्हणाली.

"पोरीचा पेपर हाय बाई. जर्मनीत कोनी थांबत नाई."

"तिथचा देव येगळा. याले का माहीत तुमची जर्मनी? मांगं घ्या."

मामांनी कुरकुरत ट्रक मागे घेतला आणि ढिगाजवळ येताच इंजिन बंद पडलं. ते फिरवून सुरू करायचं हँडल चांद्याला राहिलं होतं. सगळ्यांनी सावकाश उतरून डहाळ्या टाकल्या. मीही टाकली, आणि मनातल्या मनात देवाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं काय जात होतं? त्याला थोडंच कुणी कान कोरणाऱ्याच्या गळ्यात बांधणार होतं! मला सरळ रडूच फुटलं.

ढिगाच्या थोडं पुढे लांबच लांब सरळ उतार आहे. मी आणि म्हातारी परत पुढे बसलो आणि बाप्यांनी ट्रक तिथवर ढकलत नेला. उताराला लागला की गिअर टाकायचा, इंजिन आपोआप धरेल, असा मामांचा बेत होता. ट्रक सुटला. ढकलणारे मागेच राहिले. मामांनी गिअर टाकला, तो पडेना. ब्रेक मारावा तर ट्रक मधेच उभा राहणार आणि पेपर बुडणार. म्हणून त्यांनी ब्रेक मारलाच नाही. मोहफुलं वाऱ्याने उडून तोंडावर येऊ लागली. झाडं खरंच दिसेनाशी झाली. माझं रडणं कुठल्या कुठे गेलं. इतका आनंद मला आयुष्यात तोवर झाला नव्हता. मोठ्या कौतुकाने मी मामांकडे पाहिलं, तर मामांचे डोळे घट्ट मिटलेले.

"मामा, डोये उघडा!" मी ओरडले.

त्यांनी उघडले. हिसका बसला, गिअर पडला, इंजिनाने धरलं. मागच्या लोकांसाठी थांबायची हिंमत मामांनी केली नाही.

"बिनइंजिनची पळवली देवानं," म्हातारी समाधानाने म्हणाली आणि मांडीवरची फुलं वेचू लागली.

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा होत होती. मी उतरून धावणार, तोच मामांनी हाक मारली.

"पोरी, जर्मनीत म्या नाई चालवली गाडी. मांगं बसलो होतो. डोये मिटून."

"मंग हिरवा पट्टा?"

"संग होता त्यानं सांगतला."

मी पेपर लिहिला. पुढे पास झाले, मास्तरीण झाले, आणि तो कान दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेला.

त्या संध्याकाळी पारावर सगळ्यांनी मला विचारलं, आटोबाण कसा होता? ढकलणारे तिथेच बसले होते, पाय चोळत. मामा खाली मान घालून उभे. मी म्हटलं, झाडं दिसेच नाई, नुसता पट्टा. पण मार्चमध्ये सागाला पान नसतं, तेव्हा पट्टा मी तपकिरी सांगितला.

तेव्हापासून मामा जर्मनीचा पट्टाही तपकिरीच सांगू लागले.