गायब डॉक्टर सांगणारा संतराम

पुसेगावात संतरामइतका सिनेमाचा नादी माणूस नव्हता, आणि संतरामइतका सिनेमा न पाहिलेला माणूसही नव्हता. यात कोडं काही नाही. संतराम रातांधळा होता. दिवसा नांगराचा तास सुतात घालणारा हा गडी दिवेलागण झाली की स्वतःच्या दारातली बाज चाचपून शोधायचा.

लहानपणी आईनं बकऱ्याची कलेजी खाऊ घातली, शेवग्याचा पाला खाऊ घातला, कुणी सांगितलं ते अंजन घातलं. गुण आला नाही. मग तिनं एकच गोष्ट त्याच्या मनावर ठसवली : "कुनापशी बोलू नको. रातांधळ्याला कोन पोरगी देतंय?" आपल्याकडं रातांधळ्या जावयाच्या गोष्टींना काय तोटा? सासऱ्याच्या पाया पडायला वाकला आणि म्हशीच्या पाया पडला, ही तर शेंबड्या पोराला ठाऊक. पारावर ती गोष्ट निघाली की सगळ्यांत मोठ्यानं संतराम हसायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अशा माणसाला सिनेमाचा नाद लागावा, ही देवाची थट्टाच म्हणायची. हिंगोलीच्या दसऱ्यात सिनेमाचा तंबू पडायचा. संतराम गाडी जुंपून उजेडात तिथं पोचायचा आणि उजेड आहे तोवर पडद्याजवळची जागा धरून बसायचा. खेळ सुरू झाला की त्याला समोर फक्त पांढरं काहीतरी हलताना दिसे, ताक घुसळताना वर लोणी फिरावं तसं. पण कान तिखट. भोंग्यातून आलेला शब्द न शब्द तो उचलून आणायचा. खेळ सुटला की सोबत्यांच्या गलक्यामागं गाडीपाशी यायचा, आणि पुढचं बैल बघून घेत. बैलाला घरचा रस्ता सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारावर तो खेळ सांगायला बसायचा. काय सांगायचा हो! दाराचं करकरणं तोंडानं काढायचा, यंत्राची घरघर काढायचा. पाहून आलेले लोकसुद्धा पुन्हा ऐकायला बसत.

देवादिकांच्या खेळांना मात्र तो नाक मुरडायचा. "त्यात नवं काय? सगळं कीर्तनात ऐकलेलं," असं म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. त्या खेळात देव न बोलता प्रकट होई, तंबूभर हात जोडले जात, आणि संतरामचे हात सगळ्यांच्या मागून जोडले जात. एकदा शेजाऱ्यानं विचारलं, "झोपला होतास काय?" तेव्हापासून त्यानं देवांचा नाद सोडला.

त्याचे जीव की प्राण म्हणजे यंत्राचे खेळ. असे तीन त्याला तोंडपाठ. एक 'चांदावरचं राज', त्यात माणसं लोखंडी गोळ्यात बसून चांदावर जातात. दुसरा 'लोखंडी नोकर'. आणि तिसरा, सगळ्यांचा राजा, 'गायब डॉक्टर'.

लोक विचारत, यात असं काय आहे रे? तो सांगायचा, "यंत्राच्या खेळात फसवणूक न्हाई. प्रोफेसर कळ दाबायच्या आदी सांगतो, की बाबा, आता ही कळ दाबली की असं असं होनार. मग दाबतो. मग तसंच होतं, आन पुन्ना सांगतो की बगा, झालं." त्याला हे का आवडे, ते त्याला एकट्याला ठाऊक. ज्या खेळात सगळं बोलून दाखवतात, तो त्याचा खेळ.

आणि गायब डॉक्टर? त्यात डॉक्टर औषध पितो आणि दिसेनासा होतो. खुर्ची आपोआप सरकते, पेला आपोआप उचलला जातो, आणि माणसाचा नुसता आवाज येतो. तंबूतली माणसं माना उंच करकरून बघत, आणि त्यांनाही दिसत नसे. त्या एवढ्या घटकेला संतराम चारचौघांसारखा होई. तो खेळ त्यानं तीनदा ऐकला होता.

याच कीर्तीवर त्याला मनकर्णा मिळाली. तिचे वडील, हट्ट्याचे दगडोबा, पाहणीला आले ते भरदुपारी. त्यांनाही सिनेमाचं वेड. पारावर बसून त्यांनी अख्खा 'लोखंडी नोकर' ऐकला आणि तिथंच सुपारी फोडली. संतरामच्या आईनं देवाला नारळ फोडला. लग्न झालं, आणि हा पठ्ठ्या बायकोपाशीही बोलला नाही. दिवस असतानाच जेवायचं, मला लवकर निजायची सवय आहे म्हणायचं, आणि पहाट होईपर्यंत बाजेवरून उठायचं नाही. वर्ष गेलं. बायकोला काही कळलं नाही, अशी त्याची पक्की समजूत. नवऱ्यांच्या समजुती पक्क्याच असतात.

बेचाळीस साली धोंड्याचा महिना जेठात आला. दगडोबांनी जावयाला बोलावणं धाडलं. नवराबायको हिंगोलीहून रेल्वेनं वसमतला उतरले, तिथून सासऱ्यानं पाठवलेल्या गाडीनं हट्ट्याला गेले. सासू द्वारकाबाईनं पुरणाचे धोंडे केले, तुपाची धार धरली, आहेर केला. जेवणं झाली. ओसरीवर चार भाऊबंद पान खात बसले आणि कुणीतरी सहज विचारलं, "जावईबापू, आमची मनकर्णा कशी काय?"

जावयाला पोटभर जेवण आणि पुढ्यात ऐकणारे मिळाले की जीभ सैल सुटते. संतरामनं तिथंही खेळच केला.

"बाकी ठीक हाय," तो म्हणाला, "पर आवाज लई करती तुमची लेक. तांब्या ठेवंल तं आपटून. दार उघडायच्या आदी खाकरंल. आन पैंजन! दिवस मावळला की तिच्या पायात वारंच शिरतं. हिकडून छनछन, तिकडून छनछन. घरात बायको आनली का तमाशाचा फड, तेच समजंना मला."

आणि उठून तिची चाल करून दाखवली, पायांची छनछन तोंडानं काढत. ओसरी हसून लोळली. दगडोबाही हसले. आत चुलीपाशी मनकर्णा ऐकत होती. ती भांडी आवरत राहिली. पण द्वारकाबाईचं तोंड उतरलं. लेकीला वळण लावलं नाही, असं जावई चारचौघांत म्हणाला म्हणजे ते आईलाच म्हणाला. तिनं लेकीला माजघरात नेलं, हलक्या आवाजात चार शब्द सुनावले, आणि पायातले पैंजण काढायला लावून पेटीत टाकले.

आता योग बघा. त्याच दिवशी हट्ट्याच्या बाजारतळावर सिनेमाचा तंबू होता, आणि खेळ होता 'गायब डॉक्टर'. दगडोबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आमच्या जावयाला तो तोंडपाठ आहे. संतराम खुशीत होता. रस्ता उजेडातच काटला, पडद्यासमोर जागा धरली. दोरीच्या पलीकडं बायका बसल्या, त्यात द्वारकाबाई आणि मनकर्णा.

खेळ सुरू झाला. बाहेर इंजिन धडधडत होतं, भोंगा खणखणीत बोलत होता. डॉक्टरनं औषधाचा पेला उचलला, त्यात काय काय घातलं ते सांगायला लागला, आणि मधेच भोंगा खरखरला आणि गप झाला. चित्र हलत होतं, आवाज नाही. लोकांनी ओरडा केला. मशीनवाल्यानं भोंगा हलवला, तारा ओढल्या, काही होईना. तो खेळ बंद करायला निघाला, तेवढ्यात दगडोबा उभे राहिले.

"बंद काहून करता? चालू द्या. आमचे जावई सांगतेत."

तंबूभर माना वळल्या. संतराम अडकला. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. तो उभा राहिला. समोरचं पांढरं पांढरं हलत होतं, त्यात डॉक्टर कुठं आणि पेला कुठं, देव जाणे. पण शब्द पाठ होते. भोंगा जिथं थांबला तिथून त्यानं सुरुवात केली.

आणि जमलं की! आधी थोडं मागंपुढं झालं असेल, पण लोक हसायच्या जागी हसले, घाबरायच्या जागी बायका "अगं माय" म्हणाल्या. कुणी म्हणालं, भोंग्यापेक्षा हेच बरं. रीळ संपून अंधार झाला की संतराम थांबायचा, उजेड आला की पुढं सुरू करायचा. त्याला अंगात देव आल्यासारखं झालं. भीती गेली.

मग त्याच्या सगळ्यांत आवडीची जागा आली. गायब झालेला डॉक्टर आपल्या घरी येतो. बायको दिवा घेऊन बसलेली. तो तिच्यापुढं उभा राहतो, आणि तिला दिसत नाही.

"बगा," संतराम म्हणाला, "आता दार उगडलं. करर्र. ती इचारती, कोन हाय? ह्यो म्हनतो, मी हाय, मी हितंच हाय. ती हात पुडं करती. बगा, कशी चाचपून राहिली. खुर्ची हलली बगा. खुर्ची तिच्याकडं सरकून राहिली…"

तंबू चिडीचूप झाला. बिडीची ठिणगी पडली तर ऐकू यावी. संतरामला वाटलं, जिंकलं. त्यानं आवाज आणखी खाली आणला, बायकोचा हुंदका काढला, डॉक्टरचा रडवेला आवाज काढला. तंबू आणखीच गप. बराच वेळ तो त्या बाईला रडवत होता.

तेव्हा सासरा अगदी जवळ येऊन हळू म्हणाला, "जावईबापू, कापड कोरं हाय."

संतरामला कळेना. तो म्हणाला, "मामा, डॉक्टर गायब हाय ना."

"डॉक्टर न्हाई, बाई न्हाई, खुर्ची न्हाई. रीळ तुटलं. कवाचं कोरं हाय."

झालं होतं असं, की रीळ तुटून खाली पडलं होतं, मशीनवाला भोंग्यात डोकं घालून बसला होता, आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला होता. आधी लोकांना वाटलं, डॉक्टरसोबत घरदारही गायब झालं. मग ते संतरामकडं बघायला लागले. तो कोऱ्या कापडाकडं बोट करकरून सांगत होता, आणि सगळा गाव त्याचे डोळे बघत होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "एक व्हता जावई. सासऱ्याच्या पाया पडाया वाकला…" पुढचं बोलायची गरजच पडली नाही. तंबू फुटायचा राहिला एवढं हसू आलं.

संतराम बाहेर निघाला तो दोरीत पाय अडकून पडला. उठला, पुन्हा खुंटीला ठेचकाळला. माणसं आजूबाजूनं जात होती. तो उभा राहून कान देत होता, आपण कशासाठी कान देतोय हे त्यालाही उमजलं नव्हतं. बायका गेल्या, बांगड्या किणकिणल्या, पण ओळखीचं काही ऐकू आलं नाही. शेवटी दगडोबांनी त्याचं मनगट धरलं आणि वासरू ओढत न्यावं तसं घरी आणलं. त्याला वाटत होतं, रस्ता संपूच नये, आणि आता धरणीनं पोटात घ्यावं.

ओसरीवर आल्यावर दगडोबांनी मनगट सोडलं. "लगनाच्या वक्ती काहून सांगितलं न्हाई?"

संतराम मान घालून उभा.

"मी तुमाला डोक्यावर घेऊन गावात नाचलो. माजी इज्जत तं गेलीच. पर पोरीला फसवलं तुमी. मनकर्णा, तुला उद्या जायचं न्हाई. हितंच राहा." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला तरी ठाऊक व्हतं का, माय?"

ती कुठं उभी होती ते संतरामला दिसत नव्हतं. आवाज दाराकडून आला.

"ठाऊक न्हाई तं काय? पयल्याच हप्त्यात ह्ये तुळशीला धडकले. मग मी तांब्या आपटून ठेवाया लागले, म्हंजे कुटं ठेवला ते कळावं. पैंजन वाजवत हिंडाया लागले, म्हंजे मी कुटं हाय ते कळावं. मला काय हौस हाय आवाजाची?"

संतरामच्या कानात दुपारचं हसू वाजायला लागलं. ती चाल त्यानं किती झोकात करून दाखवली होती. चांदावरच्या माणसाचं पाऊल ओळखणारा, लोखंडी नोकराच्या गुडघ्याची कुरकुर काढणारा कानाचा राजा, आणि घरातला आवाज वर्षभर कशासाठी होता हे त्याला समजलं नव्हतं. तंबूतली शरम काहीच नव्हती. तिथं गाव हसला होता. इथं कुणी हसत नव्हतं, आणि त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. तो मटकन खाली बसला आणि त्याला रडू आलं.

"तुमाला पोरीला ठेवायचं असंल तं ठेवा, मामा," तो कसाबसा म्हणाला. "माजी बोलायची लायकी न्हाई. पर मामी, तिचे पैंजन तेवढे तिला वापस द्या. त्यात खोड नव्हती. मलाच दिसत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा तो हे बोलला होता. आत पेटीची कडी वाजली. द्वारकाबाईनं काहीतरी जमिनीवर ठेवलं, ठेवताना ते एकदा छन्न झालं. तो तिथंच बसून राहिला. ती आईबापाजवळ राहणार की कसं, हे त्याला आता फक्त पावलंच सांगणार होती.

पैंजण वाजले. आधी आतल्या बाजूला गेल्यासारखे वाटले. मग वळले, ओसरीवर आले, आणि अगदी त्याच्या पुढ्यात येऊन थांबले. त्याला मान वर करवेना.

"उठा," मनकर्णा म्हणाली. "हात धरा माजा. आन उद्या घरी गेलो की पारावर ह्येबी करून दाखवा."