नवशाचा कोयता

बांधावरून झोकांड्या खात चाललेला माणूस दिसला, तर तुम्ही काय म्हणता? प्यायलाय. मीही तेच म्हटलं, आणि मी तर दारूबंदी मंडळाची पुढारीण.

नवशा सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यातला. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्या राबासाठी फांद्या तोडाव्यात त्यानेच. घर त्याच्या कोयत्यावर चालायचं. दोन वर्षांपूर्वी फिट यायला लागली, तेव्हा झाडावर चढणं सुटलं. खालची झुडपं तोडायचा. शहापूरच्या डॉक्टरने गोळी दिली. फिट म्हणजे मेंदूत वीज भडकते. ही गोळी नसांमधली सोडियमची वाट अडवते, म्हणून भडका पसरत नाही. वर्षभर त्रास नव्हता. मग एक फिट आली आणि गोळी वाढवली. पंधरा दिवसांत पाय वाकडे पडायला लागले, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले. ही गोळी जराशी वाढवली तरी रक्तात भसकन चढते, हे त्याला सांगायला कुणाला टाइम नव्हता.

मी त्याला भर गावसभेत उभं केलं. त्याची बायको बाईजा सांगत होती, तो थेंबही घेत नाय. सगळ्यांच्या बायका हेच सांगतात, असं म्हणून मी त्याला दारू सोडायची गावदेवीची शपथ घ्यायला लावली. नवशा घरी गेला आणि ज्या गोळीने अब्रू घेतली ती चुलीत टाकली.

चौथ्या दिवशी राब भाजताना फिट आली. उजवा हात निखाऱ्यात गेला.

मी डॉक्टरशी भांडायलाच गेले. तो म्हणाला, "गोळी वाईट नाही, ताई. जास्त झाली होती. ती आमच्याकडून कमी करून घ्यायची, एकदम तोडायची नाही."

हे आधी का नाही सांगितलंत, मी विचारलं. तो कागद चाळत बसला.

आता गोळी बेताची झालीय, चाल सरळ आहे. हिरड्या सुजतात, तोही गोळीचाच प्रताप. पण भाजलेल्या हाताची दोन बोटं आखडलीत, कोयता मुठीत राहत नाही. मी भेटायला गेले. तोच आधी बोलला.

"तोंडाचा वास तरी घ्यायचा व्हता गो, ताई."

तुमच्या गावात कुणी झोकांड्या खाताना दिसला, तर शपथ घालायच्या आधी त्याला विचारा, बाबा, कुठली गोळी चालू आहे? आणि ती गोळी बंद करू न देता त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.